मालिकेत रिपोर्ट आपोआप येतो

रोज संध्याकाळी साडेसातला आमच्या घरात एक दवाखाना उघडतो. टीव्हीवरचा. तिथले डॉक्टर देखणे आहेत, सिस्टरांचे केस कधी विस्कटत नाहीत आणि रोग कितीही अवघड असला तरी दोन जाहिरातींच्या मध्ये तो ओळखला जातो. परवा त्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, कपाळाला आठ्या घातल्या आणि "ओह नो!" म्हणाले. मी मेथी निवडत होते. यजमानांना म्हटलं, "अहो, त्याच्याखाली काच नाहीये. दिवासुद्धा लावलेला नाही. यांना दिसलं काय?"

"तू गप बस," यजमान म्हणाले, "त्यांना कळलाय रोग."

बत्तीस वर्षं मी लॅब टेक्निशियन होते. सोनईच्या रस्त्यावर आमचा तीस खाटांचा दवाखाना. डॉक्टर पुढच्या बाजूला, आणि लॅब मागे, मोरीच्या शेजारी, दहा बाय बाराच्या खोलीत. बरा झालेला पेशंट डॉक्टरांच्या पाया पडतो, सिस्टरला पेढे देतो, आयाबाईला साडी नेसवतो. लॅबवाली म्हणजे 'ती रक्त काढणारी'. याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे होती, पण आता निवृत्त झाल्यावर करून उपयोग काय!

टीव्हीवर तर आम्ही नाहीच. तिथे नुसतं "रिपोर्ट आला" म्हणतात आणि एक पाकीट पुढे करतात. जणू तो पावसासारखा आपोआप येतो. कुणी भल्या सकाळी उपाशीपोटी रक्त काढलं, कुणी ते योग्य नळीत भरलं, जांभळ्या टोपणाची पेशी मोजायला, लाल टोपणाची रक्तातलं पाणी वेगळं काढायला, करड्या टोपणाची साखरेला, हे कुणाच्या गावीही नसतं. आणि नळीवर नाव लिहिताना तर मी कुणालाच पाहिलं नाही. आमच्याकडे नुसतं नाव लिहून भागत नसे. एका सकाळी माझ्या बाकावर चार भाऊसाहेब बसले होते. त्यातले दोन एकाच आडनावाचे आणि एकाच वस्तीवरचे. शेवटी मी नळ्यांवर 'पागोटेवाले' आणि 'चष्मेवाले' असं लिहिलं, तर रक्त देऊन झाल्यावर पागोटेवाल्यांनी खिशातून चष्मा काढून घातला.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक निवृत्त गुरुजी होते, शिस्तीचे. त्यांनी सकाळची लघवी तपासायला बाटलीतून आणली. मी औषध घालून तापवली तर रंग थेट विटकरी. साखरच साखर! गुरुजींनी त्याच दिवशी गोड सोडलं, नातवाच्या वाढदिवसाला केकचा तुकडासुद्धा तोंडात घातला नाही. आठवड्याने परत आले, परत विटकरी. पण रक्तातली साखर अगदी हवी तेवढीच. मला काही ताळमेळ लागेना. मग मी बाटलीचा वास घेतला. लोक हसतील, पण आमच्या धंद्यात वास घ्यावा लागतो. "गुरुजी, बाटली कशाची?" तर म्हणाले, "काकवीची आहे, पण मी विसळून घेतली होती." साखर कारखान्यांच्या मुलखात हेही व्हायचंच. गुरुजींनी तिथेच बाकावर बसून चहा मागवला आणि दोन चमचे साखर जास्त घालायला सांगितली.

मी नोकरीला लागले ती अकोल्याला, विदर्भातल्या नव्हे, आमच्या नगर जिल्ह्यातल्या. डोंगरातली गावं, भातखाचरं, पावसाळाभर हिवताप. आरोग्यसेवक जीपमधून रक्ताच्या काचा आणून टाकत आणि मी दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून जंतू शोधत बसे. तिथे पाठक सरांनी मला काम शिकवलं. ते सांगत, "हो म्हणायला एक जंतू पुरतो. नाही म्हणायचं असेल तर काचेवरच्या शंभर जागा बघायच्या." मी शंभर बघायचे. कंटाळा आला तर एकशे एक. माझ्या 'नाही'वर अकोल्याचे डॉक्टर डोळे मिटून सही करत, आणि याचा मला जो ताठा होता तो मी लपवून कधी ठेवला नाही.

आता त्या मालिकेकडे येते. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सायली मुंबईत मालिकांचं लिहिते. साडेसातच्या दवाखान्यातलं अर्धं लिखाण तिचं आहे, हे मला कळलं ते मी फोनवर त्या काच नसलेल्या मायक्रोस्कोपवरून तोंडसुख घेतल्यावर. ती आधी रुसली. मग चार दिवसांनी तिचाच फोन. "मावशी, तू एवढी हुशार ना, मग मला एक रोग सांग. कुणालाच ओळखता येत नाही, सगळे चुकतात, पेशंट हातचा जाणार असं वाटतं आणि ऐन वेळी आमचा हिरो ओळखतो."

"हिरो सोडून बाकी सगळं आहे माझ्याकडे," मी म्हटलं आणि तिला मंदाची गोष्ट सांगितली. तीच इथे सांगते.

मी निवृत्त होण्याआधी पाच-सहा वर्षांची गोष्ट. मंदा घोडेगावची. तिशी ओलांडलेली, उंच, कामाला वाघीण. घरच्या सहा म्हशी तीच बघायची, आणि नवी म्हैस घ्यायची तर बाजारात नवऱ्याच्या पुढे होऊन कास तीच चाचपायची. तिला ताप येऊ लागला. आठ दिवस यायचा, जायचा, परत यायचा. अंगाला दरदरून घाम. तिकडे तिघा डॉक्टरांनी तीन वेळा टायफॉइडची औषधं दिली. मग कंबर धरली. आमच्याकडे आणली तेव्हा तिला दोघींनी धरून बसवावं लागत होतं. नगरहून पाठीचा फोटो काढून आणला, त्यात मणक्याला कीड लागल्यासारखं दिसत होतं.

आमचे दामले डॉक्टर जुन्या वळणाचे. त्यांच्या मनात दोन रोग होते. एक मणक्याचा क्षय. दुसरा ब्रुसेला, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणारा ताप, कच्च्या दुधातून किंवा गाभडलेल्या, म्हणजे गर्भ पडलेल्या जनावराला हात लागून होतो. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात, औषधं मात्र वेगळी. म्हणून त्यांनी ब्रुसेलाची तपासणी लिहिली. हा श्रेयाचा भाग त्यांचा, तो मी त्यांना मोकळ्या मनाने देते.

ती तपासणी अशी. रोग झालेला असला की शरीर त्याच्याशी लढणारी द्रव्यं रक्तात सोडतं. रक्तातलं वरचं पिवळं पाणी घ्यायचं, दहा नळ्या ओळीत लावायच्या, पहिलीत ते पाणी घट्ट, दुसरीत निम्मं पातळ, तिसरीत त्याच्या निम्मं, असं करत जायचं. प्रत्येकीत मेलेल्या जंतूंचा द्राव घालायचा आणि चोवीस तास उबेत ठेवायचं. नळीतलं पाणी गढूळच राहिलं तर रोग नाही. वर नितळ झालं आणि तळाला साय धरल्यासारखा थर बसला, तर आहे.

त्या दिवशी द्रावाची बाटली तळाला गेली होती. नवी मागवली होती, आली नव्हती. मी वाढले अव्वल कारकुनाच्या घरात. आमच्याकडे संपत आलेला साबण नव्या वडीला चिकटवून वापरत आणि आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूला वाण्याची यादी लिहीत. त्या संस्काराने मी विचार केला, दहा नळ्या कशाला? टायफॉइडच्या तपासणीत आमचा रोजचा अनुभव असा, की घट्ट नळीत काही नसेल तर पातळ नळीत कुठून येणार? मी दोनच नळ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही गढूळ. मी वहीत 'निगेटिव्ह' लिहिलं, रिपोर्टवर सही केली आणि उरलेला द्राव जपून फ्रिजमध्ये ठेवला. वाचवला म्हणून बरंही वाटलं.

डॉक्टरांनी माझ्या सहीवर विश्वास ठेवून क्षयाची औषधं सुरू केली. पाच आठवडे झाले, ताप हटेना. मंदाला आता कुशीवरही वळता येत नव्हतं. पायाला मुंग्या यायला लागल्या तसं डॉक्टर म्हणाले, पुण्याला नेऊ, मणक्याचं ऑपरेशन करावं लागेल. पुढचा सोमवार ठरला. ऑपरेशननंतर चालता येईल का, यावर कुणी बोलत नव्हतं.

शुक्रवारी मी तिचं रक्त काढायला वॉर्डात गेले. तिची सासू द्रौपदाबाई उशाशी बसली होती.

"बाई, सुई जरा हळू घाला. ह्या तपासन्यांतच निम्मं रक्त गेलं तिचं."

मंदाने हात पुढे केला. "घ्या बाई, किती घ्यायचं त्ये घ्या. पन मला उठवा."

मी दंडाला पट्टी बांधत होते आणि म्हातारी आपली बोलत होती. "औंदाचं सालच वंगाळ. आधी दोन म्हशी गाभडल्या. एकीची तर वार अडकली. जनावरांचा डॉक्टर काय आला न्हाई, मंग हिनंच कोपरापतुर हात घालून काढली."

"हाताला काही बांधलं होतं का? प्लॅस्टिकची पिशवी, काही?"

"न्हाई वो. त्याला काय हुतंय? आमी समद्याच तसं काढतो."

मी नळी भरून घेतली. वार म्हणजे पिलामागून पडणारी झिल्ली, आणि जंतू तिच्यातच सगळ्यात जास्त. दोन गाभडलेल्या म्हशी, कोपरापर्यंत हात, आणि रक्तात काहीच नाही? हे होऊच शकत नाही. रोग नसता तरी इतक्या संपर्काची थोडी खूण रक्तात दिसायला हवी होती. माझ्या नळ्या नको इतक्या स्वच्छ 'नाही' म्हणाल्या होत्या.

माझी एक खोड होती, तिच्यापायी मी पुष्कळ बोलणी खाल्ली. तपासून उरलेलं रक्ताचं पाणी मी टाकत नसे, फ्रीझरच्या तळाशी दोन-दोन महिने ठेवायचे. "ही काय लोणची घालणार आहे का?" असं सिस्टर म्हणायच्या. मंदाची जुनी बाटली तिथे होती. नवा द्राव आलेला होता. मी जुनं पाणी आणि त्या दिवशीचं ताजं रक्त, दोन्हीच्या दहा-दहा नळ्या लावल्या आणि उबवणीत ठेवल्या.

शनिवारी सकाळी उघडून बघते तर पहिली गढूळ. दुसरी गढूळ. तिसरी जराशी फिकी. चौथी नितळ, तळाला थर. पाचवी, सहावी, सातवी, आठवी, सगळ्या नितळ. दोन्ही रांगा तशाच.

झालं होतं ते असं. जंतूंची साखळी धरून तळाला बसायची, तर लढणाऱ्या प्रत्येकाचा एक हात एका जंतूवर आणि दुसरा दुसऱ्यावर लागतो. मंदाच्या रक्तात लढणारे इतके झाले होते, की घट्ट नळीत एकेका जंतूला दहा-दहा जण चिकटले, दुसरा हात धरायला जंतूच उरला नाही आणि साखळी झालीच नाही. पातळ केल्यावर ती धरली. म्हणजे रोग इतका जास्त होता म्हणून पहिल्या नळीत दिसला नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. आणि तरी मी दोन नळ्यांवर थांबले, चार थेंब वाचावेत म्हणून.

मी नळ्यांचा स्टँड उचलला आणि तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेले. बाहेर ओपीडी भरलेली, आत दोन पेशंट. मी म्हटलं, "डॉक्टर, मंदाचा पहिला रिपोर्ट चुकीचा होता. मी पूर्ण नळ्या लावल्या नव्हत्या."

त्यांनी स्टँड खिडकीच्या उजेडात धरला. एकेक नळी बघितली. "पहिल्या रिपोर्टवर सही कुणाची?"

"माझी."

"मग नातेवाइकांना तुम्हीच सांगा, दीक्षितबाई. पुण्याला मी फोन करतो, सोमवार रद्द."

एवढंच बोलले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी लॅबमध्ये जाऊन आधी वही उघडली. माझे वडील सांगायचे, लिहिलेलं चुकलं तर खाडाखोड करायची नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही ठोकायची. तशी रेघ मारली, सही केली. मग वॉर्डात गेले आणि मंदाला आणि तिच्या सासूला जे होतं ते सांगितलं, की चूक माझी, रोग दुसराच आहे, औषध आहे, ऑपरेशन नको. माझा आवाज कापला नाही. सांगून परत येऊन कामाला लागले, बाकावर आठ जण थांबलेले होते.

औषधं बदलली. दहाव्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या आठवड्यात मंदा खिडकीचा गज धरून उभी राहिली, तेव्हा सगळ्या सिस्टर बघायला गेल्या आणि मी दारातून बघितलं. तीन महिन्यांनी ती स्वतःच्या पायांनी लॅबच्या दारात आली, हातात डबा. "खरवस हाय बाई. भिऊ नका, चांगल्या पाच शिट्ट्या दिल्यात." घरात आता दूध उकळल्याशिवाय कुणाच्या ओठाला लावू देत नाही म्हणाली, आणि वार काढायला खांद्यापर्यंतचे हातमोजे आणले होते. बत्तीस वर्षांत लॅबच्या दारात आलेला तो पहिला डबा. मी तो कुणाला वाटला नाही.

सायलीला गोष्ट फार आवडली. आठवड्याने तिने लिहून पाठवली, ती मी चष्मा पुसून पुसून वाचली. म्हशी गायब होत्या. शूटिंगला म्हैस आणणं जमत नाही म्हणे. मंदाच्या जागी कारखानदाराची मुलगी होती आणि तिला ताप परदेशी चीज खाऊन आला होता. इथपर्यंत मी गप्प बसले. पण पुढे लॅबमध्ये एक बंटी नावाचा गडी होता, कानात गाणी लावून तपासण्या करणारा. तो चूक करतो, हिरो लॅबमध्ये येतो, एका नजरेत नळ्या ओळखतो आणि बंटीला सगळ्यांसमोर झाडतो.

मी लगेच फोन लावला. "सायले, हा बंटी कोण?"

"मावशी, अगं कॉमेडी रिलीफ."

"मी कामात कधी गाणं ऐकलं नाही. चूक केली ती पूर्ण शुद्धीत, मन लावून केली. आणि ती शोधली कुणी? मी. तुझा हिरो तेव्हा ओपीडीत होता."

"अगं पण मग हिरोने काय करायचं?"

"त्याने स्टँड उजेडात धरायचा आणि विचारायचं, सही कुणाची. दामले डॉक्टरांनी तेवढंच केलं आणि ते पुरेसं होतं. नाहीतर माझी गोष्ट मला परत दे."

पंधरा दिवस तिचा फोन नाही. मला वाटलं, गेली गोष्ट. बहिणीनेही मला ऐकवलं की पोरीच्या पोटावर पाय आणू नकोस. मला वाईट वाटत होतं, पण माघार घ्यावीशी वाटेना. आमच्या कामात जो चुकतो त्यालाच बहुतेकदा चूक कुठे झाली ते सापडतं, कारण नळ्या त्याच्या हाताखालून गेलेल्या असतात. हे एकदा तरी लोकांनी बघावं असा माझा हट्ट होता. मग एक दिवस सायलीचा व्हिडिओ कॉल. मागे दिवे, वायरी, आरडाओरडा. "मावशी, बंटी गेला. बाई आल्या. मी दिग्दर्शकाशी भांडले. आता लवकर सांग, नळ्या कोणत्या हाताने धरायच्या?"

ज्या नटीला ते काम दिलं होतं तिला मी अर्धा तास शिकवलं. स्टँड कसा धरायचा, नळी डोळ्यांसमोर कशी आणायची, हलवायची नाही, हेलकावली तर थर फुटतो. पोरगी गुणाची होती, तीनदा करून दाखवलं.

तो भाग लागला त्या दिवशी मी मंदाला आधीच फोन करून ठेवला होता. आमच्याकडे यजमान, शेजारच्या दोघी आणि निवृत्त झालेल्या तीन सिस्टर. पडद्यावर ती बाई नळ्या घेऊन चालत आली, दोन गढूळ, पुढच्या नितळ, अगदी बरोबर. दारात उभी राहिली आणि ताठ मानेने म्हणाली, "डॉक्टर, पहिला रिपोर्ट चुकीचा होता. सही माझी आहे." मग पेशंटला जाऊन सांगितलं आणि शांतपणे निघून गेली. सगळं मिळून तीन मिनिटं. सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या. माझा ऊर भरून आला. बत्तीस वर्षांत टीव्हीवर पहिल्यांदा रिपोर्ट कुणीतरी तयार केलेला होता.

जाहिराती लागल्या आणि मंदाचा फोन आला. मागे म्हशी हंबरत होत्या.

"बघितलं बाई. समदं बराबर दावलं. पन त्या एक इसरल्या."

"काय गं?"

"त्या बाई रडल्याच न्हाईत की! तुमी तर माज्या खाटंवर बसून लहान लेकरावानी हुंदके देत हुत्या. मला वाटलं, आपलं काय आता खरं न्हाई, ह्या बाईला ठाव हाय. सासूबाईंनी पदरानं तुमचं डोळं पुसलं, म्हनल्या, रडू नगा बाई, आमची मंदी हाय ना अजून."

मी तिला म्हटलं, हो, विसरल्या असतील. ही गोष्ट मी सायलीला सांगितली नव्हती, दामले डॉक्टरांना नाही आणि यजमानांनाही नाही. द्रौपदाबाई गेल्या त्याला आता तीन वर्षं झाली आणि मंदा तेव्हा तापाच्या गुंगीत होती, त्यामुळे मला वाटलं होतं की ती कुणाला माहीत नाही. वर तुम्हालाही मी लिहून गेले की माझा आवाज कापला नाही. कापला होता. पुरतं वाक्य सांगता आलं नव्हतं मला, उरलेलं त्या म्हातारीनेच मंदाला समजावून सांगितलं.